निकट लाळसंपर्क

फलटणच्या ननावऱ्यांच्या घरात रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी दातांचा अहवाल वाचला जाई. वाचायची रंजना. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती, पण हातात आलेला कुठलाही मजकूर हजेरी घेतल्यासारखा वाचण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

"ननावरे रंजना. दात घासणे, दिवसातून दोनदा. सरासरी वेळ, दोन मिनिटं दहा सेकंद. हिरड्यांतून रक्त, नाही." इथे ती थांबायची, चष्मा सारखा करायची आणि टेबलापलीकडच्या नवऱ्याकडे बघायची. "ननावरे शशिकांत. दात घासणे, दिवसातून एकदा. सरासरी वेळ, अठरा सेकंद. दाब, फार जास्त. हिरड्यांतून रक्त, रोज."

"अठरा सेकंदांत माझे स्वच्छ होतात," शशिकांत म्हणायचे. पाटबंधारे खात्यात उपअभियंता म्हणून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, आणि कुठल्याही कामाला कमी वेळ लागला हे त्यांच्या दृष्टीने अभिमानाने सांगण्यासारखं होतं.

"मोरी घासायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो," रंजना म्हणायची आणि पोहे वाढायची.

हा अहवाल त्यांच्या घरात आणला होता मुलीने, समृद्धीने. ती साताऱ्याला दंतवैद्य होती आणि २०४१ साली जिल्ह्यात सुरू झालेल्या एका प्रयोगात काम करत होती. वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक तुकडा चिकटवायचा, तांदळाच्या कणीएवढा. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, पण लोक त्याला कणीच म्हणत. जबडा हलला की त्या हालचालीवर कणीला वीज मिळे. लाळेतल्या जंतूंचे जनुकीय धागे ती एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढून घेई, त्यांची ओळख पटवी आणि सगळं फोनकडे पाठवून देई.

कणी चिकटवताना समृद्धीने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे जंतू राहतात, त्यातले बहुतेक बापडे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खाल्ल्यानंतर दातांवर एक मऊ, चिकट थर साचत जातो. तो रोज हलवला नाही, तर त्यात नको ते जंतू घर करतात आणि थोड्या दिवसांत त्या थराचा दगड होतो. त्याला कीटण म्हणतात. हिरडी सुजते, घासताना रक्त येतं. माणूस घाबरून तिथे घासायचं सोडतो, मग थर आणखी वाढतो. आतलं हाड हळूहळू खचतं आणि एक दिवस दात हलायला लागतो.

"आणि हे सगळं दुखत नाही पप्पा," ती म्हणाली होती. "म्हणून कळत नाही."

आणखी एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली होती. एका घरात राहणाऱ्या माणसांचे जंतू एकमेकांसारखे होत जातात. कुणाचं काय कुणाकडे गेलं, हे कणीला आठ आठवड्यांच्या नोंदी जमल्या की ओळखता येतं. म्हणून अहवाल एकेकट्याचा न देता घराचा मिळून देतात. या गोष्टीकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

ते गेलं नवव्या रविवारी.

"ननावरे शशिकांत," रंजनाने सुरुवात केली. "दात घासणे, एकदा. वेळ, सतरा सेकंद. रक्त, रोज. घराबाहेरील निकट लाळसंपर्क, एक."

ती थांबली. तिने ती ओळ मनात पुन्हा वाचली, आणि मग पुढचं त्याच आवाजात, एकही शब्द न गाळता वाचलं. "व्यक्ती, दर वेळी तीच. वारंवारता, आठवड्यातून तीनदा. मंगळवार, गुरुवार, शनिवार. कालावधी, सुमारे एक तास."

शशिकांतांचा चमचा पोह्यांत तसाच राहिला.

"मंगळवार, गुरुवार, शनिवार तुम्ही कुठे असता?" रंजनाने विचारलं.

"ज्येष्ठ नागरिक संघात. कॅरम खेळायला. तुला माहीत आहे."

"सोंगट्या तोंडात धरून खेळता का?"

"चहा पितो आम्ही. कप इकडचा तिकडे होत असेल."

रंजनाने तिथल्या तिथे मुलीला फोन लावला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. समृद्धीने प्रश्न ऐकला आणि वडील समोर बसले आहेत हे न कळल्यामुळे सरळ उत्तर दिलं. उष्ट्या कपाने एवढं होत नाही. एकाच माणसाचे जंतू आठवड्यातून तीनदा, तासभर येत असतील, तर ते तोंडातून तोंडातच जात असले पाहिजेत, किंवा जवळजवळ तसं काहीतरी. "कुणाचा आहे अहवाल?" तिने विचारलं.

"तुझ्या वडिलांचा."

मग समृद्धी म्हणाली, "माझा पेशंट आलाय," आणि तिने फोन ठेवला. त्या दिवशी रविवार होता.

शशिकांतांनी खुलासा केला नाही. रागावलेही नाहीत, आणि रंजनाला तेच जास्त लागलं. नवरा खोटं बोलताना कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. तो आता तसाच दिसत होता, फक्त खोटं काय आहे ते समजत नव्हतं. दुपारी तिने ज्येष्ठ नागरिक संघाच्या कदमांना फोन केला. कदम म्हणाले, "ननावरे साहेब दिवाळीपासून फिरकले नाहीत. बरे आहेत ना?" रंजना म्हणाली, बरे आहेत.

पुढचा आठवडा घरात फार सभ्यपणे गेला. शशिकांतांनी बाजारातून झणझणीत औषधी गुळण्यांच्या तीन बाटल्या आणल्या आणि बाहेरून आल्या आल्या ते मोरीत जाऊन खळखळ गुळण्या करू लागले. रविवारी अहवाल आला, "उपयुक्त जंतू, निम्म्यावर. तोंड, कोरडे. घराबाहेरील निकट लाळसंपर्क, एक. व्यक्ती, तीच." त्याच्या वर रंजनाची स्वतःची ओळ होती. वेळ, चार मिनिटं. दाब, फार जास्त. ती ओळ तिने वाचली नाही.

गुरुवारी चार वाजता शशिकांत स्कूटरवरून बाहेर पडले. कोपऱ्यावर थांबवून ठेवलेल्या रिक्षाने रंजना त्यांच्या मागे निघाली. त्यांची स्कूटर तिला मलठणच्या बाजूला, एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर लावलेली दिसली. आतून काहीतरी ऐकू येत होतं. एक लांब सूर, जरा थरथरणारा, मध्येच फाटला, मग पुन्हा लागला. तिने दार ढकललं.

आत दहा-बारा माणसं पत्र्याच्या खुर्च्यांवर गोल करून बसली होती. कुणाच्या मांडीवर ट्रम्पेट, कुणापुढे ढोल. भिंतीवर सोनेरी झालरींचे लाल कोट ओळीने टांगलेले. मधोमध तिचा नवरा क्लॅरिओनेट तोंडाला लावून बसला होता, डोळे मिटून, गाल आत ओढून. त्याने सूर सोडला, वाद्य शेजारच्या म्हाताऱ्याकडे दिलं. म्हाताऱ्याने तोंडात धरायचा भाग शर्टाच्या बाहीला पुसला, तोच तुकडा वाजवून दाखवला आणि वाद्य परत दिलं. नवऱ्याने ते पुसलंही नाही.

रंजनाला निकट लाळसंपर्क दिसला.

"अहो," ती म्हणाली.

शशिकांतांनी डोळे उघडले. ढोलवाल्याने हातातली काठी हळूच खाली ठेवली. म्हातारा उठून उभा राहिला आणि तोंडावर तळहात धरून म्हणाला, "या बाई, बसा. सायबांच्या घरच्या का?" ते बाबालाल कोरबू, सगळे त्यांना मास्तर म्हणत. पन्नास वर्षं वरातीपुढे क्लॅरिओनेट वाजवलेला माणूस.

रंजना बसली नाही. "हे कधीपासून?"

"दिवाळीपासून," शशिकांत म्हणाले. "आठवीत असताना शाळेच्या बँडात वाजवायचो. वडिलांनी बंद केलं. वाजंत्री होणार का म्हणाले."

"आणि मला का नाही सांगितलं?"

ते वाद्याच्या चाव्यांवरून बोट फिरवत राहिले. "ज्या गावात तीस वर्षं लोक साहेब म्हणत आले, तिथे लाल कोट घालून नवरदेवाच्या घोड्यापुढे चालायचं. तू काय म्हणशील ते कळेना."

"मी काय म्हटलं असतं?"

"माहीत नाही."

"विचारलं असतंत तर मलाही कळलं असतं," रंजना म्हणाली. तिचा आवाज तेवढ्यापुरता हजेरीचा राहिला नाही. अकरा दिवस तिने मनात एक बाई उभी केली होती, तिला साडी नेसवली होती, घर दिलं होतं, आणि आता तिथे चौऱ्याहत्तर वर्षांचा एक म्हातारा तोंडावर हात धरून उभा होता. हसावं की या सगळ्यांना अंगठे धरून उभं करावं, ते तिला ठरवता येईना. शेवटी ती मास्तरांकडे वळली.

"तुम्ही तोंडावर हात का धरता?"

"काय न्हाई बाई. सवय."

"हात काढा. आ करा."

बत्तीस वर्षं पोरांना ज्या आवाजात सांगितलं त्याच आवाजात तिने सांगितलं, आणि मास्तरांनी आ केला. हिरड्या लालभडक सुजलेल्या, खालच्या दातांवर पिवळा-काळा दगड चढलेला, समोरचे दोन दात ओठांच्या आधाराने उभे. मास्तर घाईघाईने म्हणाले, "डाक्टरकडं ग्येलो की उपटत्यात बाई. दात ग्येले की फुंक गेली. वरचे दात वाद्यावर टेकवाय लागत्यात, त्याबिगर सूर धरत न्हाई. म्हणून सायबांना शिकवतोय. लगीनसराईच्या आत कुणीतरी तयार व्हाया पायजे." मग जरा दबून म्हणाले, "पर सायबांचाबी वरचा दात हलाय लागलाय."

रंजनाने नवऱ्याकडे बघितलं. ही गोष्टही तिला नवी होती.

रविवारी, सुट्टी असूनही, समृद्धीने वडील आणि मास्तर दोघांनाही आपल्या दवाखान्यात एकापाठोपाठ एक खुर्चीवर बसवलं. मास्तरांचे खालचे दोन दात काढावे लागतील, वरचे वाचतील, असं ती म्हणाली. वाद्याला वरचेच लागतात हे कळल्यावर मास्तरांनी तिला आशीर्वाद देऊन टाकला. वडिलांचा समोरचा दात तिने चिमट्याने हलवून बघितला.

"माझ्यामुळं झालं का हो सायबांना?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचे जंतू त्यांच्याकडे गेले, हे खरं. आता दोघांनी वाद्याचं तोंड वेगळं वेगळं वापरायचं. पण नुसते जंतू आले म्हणून दात हलत नाही काका. आलेल्याला राहायला जागा दिली, तर हलतो. पप्पांनी तीस वर्षं जागा झाडलीच नाही." मग ती वडिलांना म्हणाली, "कीटण मी आज काढते. दात राहील की जाईल, ते मला सांगता येणार नाही. ते तुमच्या मोरीत ठरेल."

"सराईतलं पहिलं लग्न किती दिवसांवर आहे?" रंजनाने मास्तरांना विचारलं.

"दहा आठवडे."

मंगळवारी रंजना गिरणीत आली ती बारा मऊ ब्रश आणि एक आरसा घेऊन. तालमीच्या आधी पंधरा मिनिटं दातांचा तास, असं तिने जाहीर केलं. ढोलवाला विठ्ठल जाधव म्हणाला, "बाई, आमी काठीनं वाजवतो. दातानं न्हाई."

"भाकरी कशाने खाता?"

विठ्ठलने ब्रश घेतला.

तिने त्यांना शिकवलं, जसं पहिलीच्या वर्गाला शिकवायची तसं. ब्रश आडवा खसाखसा ओढायचा नाही. हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरका टेकवायचा, आणि जागच्या जागी हलके हलके हलवत पुढे सरकायचं. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूने. रक्त आलं म्हणून ती जागा सोडायची नाही, हलक्या हाताने तिथेच घासायचं. आठ-दहा दिवसांत रक्त थांबतं, नाही थांबलं तर समृद्धीकडे. दोन दातांच्या फटीत ब्रश शिरत नाही, तिथे दोरा किंवा बारीक फटीचा ब्रश. आणि झोपायच्या आधी घासल्याशिवाय अंथरुणावर पाठ टेकायची नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि तोंड राखायला कुणी जागं नसतं. पेस्टचा फेस थुंकून टाकायचा, पण वर भांडंभर पाण्याने चूळ भरून औषध धुवून काढायचं नाही.

"आणि सुपारी?" ट्रम्पेटवाल्याने भीत भीत विचारलं.

"खिशात आहे का?"

त्याने डबी काढून दिली. तिच्या मागोमाग आणखी पाच डब्या आल्या, आणि शशिकांतांनी कोटाच्या आतल्या खिशातून सातवी काढली. रंजनाने ती डबी बाकीच्यांवर ठेवली.

पहिले चार आठवडे शशिकांतांनी अहवालाच्या धाकाने काढले. अठराचे पन्नास सेकंद झाले, पन्नासचे नव्वद. रक्त रोजचं एक दिवसाआड झालं. सुपारीची आठवण आली की ते बडीशेप चावत आणि वाईट तोंड करत. पाचव्या आठवड्यात शेंगदाण्याची चिक्की खाताना त्यांच्या दाढेमागची कणी निघाली आणि चिक्कीबरोबर पोटात गेली.

"अपाय नाही," समृद्धी फोनवर म्हणाली. "पण नवीन कणी तीन आठवड्यांनी मिळेल."

रविवारी रंजनाने स्वतःचा अहवाल वाचला. मग "ननावरे शशिकांत," म्हटलं, पुढे काही लिहिलेलं नव्हतं, आणि तिने फोन मिटला. "तुमचं तुम्हाला माहीत," एवढंच म्हणाली.

शशिकांतांना ते वाक्य कुठल्याही अहवालापेक्षा जड गेलं. मंगळवारी संध्याकाळी तालमीहून दमून आल्यावर ते पलंगावर बसले, आणि आता सरळ आडवं व्हावं असं त्यांना मनापासून वाटलं. कुणाला कळणार नव्हतं. रंजना स्वयंपाकघरात आवराआवर करत होती, ती बघायलाही आली नाही. जिभेने त्यांनी समोरचा दात ढकलून बघितला. तो किंचित हलला, पण पूर्वी हलायचा त्यापेक्षा कमी, असं वाटलं. की तसं वाटावं अशी इच्छा होती म्हणून वाटलं, ते त्यांना ठरवता आलं नाही. ते उठून मोरीत गेले.

दोन मिनिटं मोजण्याचा कंटाळा येई, म्हणून त्यांनी मनात गाणं धरलं. वरातीतलंच एक, मास्तरांनी बसवून घेतलेलं. ध्रुवपदात खालचे दात बाहेरून, पहिल्या अंतऱ्यात आतून, पुन्हा ध्रुवपदात वरचे, दुसऱ्या अंतऱ्यात आतून. समोरच्या दातापाशी आल्यावर हात आपोआप हलका व्हायचा, जसा वरचा सूर लावताना ओठ व्हायचा. दुसऱ्या आठवड्यात तर झालं असं, की एखाद्या रात्री गाणं न संपवता थुंकलं तर त्यांना चुकल्यासारखं वाटे. तालमीत मास्तर म्हणाले, "सायब, दुसरा अंतरा आता चांगला पक्का झालाय. घरी वाजवता काय?"

"रोज दोनदा," शशिकांत म्हणाले.

आठव्या आठवड्यात समृद्धीने नवीन कणी बसवण्याआधी त्यांना खुर्चीवर घेतलं. प्रत्येक दाताभोवती हिरडीत बारीक सळई घालून ती खोली मोजत गेली आणि आकडे सांगत गेली. रंजना शेजारी उभी राहून ऐकत होती. समृद्धीने समोरच्या दाताला चिमटा लावला, हलवला, पुन्हा हलवला.

"तीन आठवडे कणी नव्हती ना?" तिने विचारलं.

"नव्हती," रंजना म्हणाली.

"मग यांच्यावर लक्ष कोण ठेवत होतं?"

रंजनाने नवऱ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडात चिमटा होता, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही.

"खचलेलं हाड परत येत नाही," समृद्धी म्हणाली. "पण हिरडी बसलीय, घट्ट झालीय. हा दात थोडा हलणारच, पण टिकेल. असंच ठेवलंत तर पुष्कळ वर्षं टिकेल."

परतीच्या वाटेवर गाडीत रंजनाने त्यांच्या खांद्यांवर नजर टाकली. मग म्हणाली, "तो लाल कोट तुम्हाला खांद्यात सैल होतो. मी आत घेऊन देते."

लग्न होतं निवृत्त कार्यकारी अभियंता रणवऱ्यांच्या नातीचं. म्हणजे ज्यांच्यापुढे शशिकांत पंधरा वर्षं फायली घेऊन उभे राहिले होते, त्यांच्या दारातून वरात जायची होती. हे मास्तरांनी आदल्या दिवशी सांगितलं. सकाळी शशिकांतांनी कोट घातला, आरशात बघितलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली. रंजनाने ती मागे सरकवली.

दुपारी चार वाजता बँड उभा राहिला. नवरदेव घोड्यावर बसला. मास्तर या वेळी वाजवणार नव्हते. खालचे दात काढल्याच्या जखमा भरल्या होत्या, पण समृद्धीने आणखी महिनाभर थांबायला सांगितलं होतं. ते पांढऱ्या शर्टात बाजूला उभे होते, तोंडावर हात न धरता. शशिकांतांनी वाद्य ओठांना लावलं, वरचे दात टेकवले, आणि पहिला सूर सोडला. तो लागला.

रणवरे साहेबांच्या मांडवापाशी वरात थांबली. साहेब काठी टेकत पुढे आले, वऱ्हाडातल्या माणसांना नमस्कार करत करत बँडपाशी पोचले आणि थबकले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा बघितलं.

"ननावरे?"

शशिकांतांच्या तोंडात वाद्य होतं. ध्रुवपद मध्यावर आलेलं, सोडणं शक्य नव्हतं. त्यांनी भुवया वर करून नमस्कार केल्यासारखं केलं. बँडच्या कडेने चालत असलेली रंजना पुढे झाली.

"तेच आहेत साहेब," ती म्हणाली. "वाजवताना बोलता येत नाही त्यांना. काही निरोप असेल तर मला सांगा."

रणवरे साहेब काही वेळ नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "निरोप नाही. ते संपलं की पुन्हा एकदा वाजवायला सांगा. मागच्या बायकांना नीट ऐकू आलं नाही."

पुन्हा वाजलं. नवरीकडच्या बायका पदर खोचून पुढे आल्या, एकीने रंजनाचा हात धरला. रंजनाने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिने पर्स मास्तरांकडे दिली, चष्मा काढून पर्सवर ठेवला आणि त्या घोळक्यात शिरली. दोन्ही हात वर करून, ताल बरोबर धरून ती नाचायला लागली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि आपल्या बायकोला असं नाचता येतं हे शशिकांतांना आजवर माहीत नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्याचे दोन सूर गळून पडले.

मास्तरांनी पर्स काखेत धरली आणि मान न वळवता म्हणाले, "सायब, बायकोकडं नंतर बघा. आधी अंतरा."

शशिकांतांनी अंतरा धरला.